“प्रभूमध्ये आनंद करा” म्हणतात, पण मला आनंद होत नाही

प्रश्न खानापूर तालुक्यातल्या एका ताईंचा आहे. नवरा बेळगावच्या उद्यमबागेत फाउंड्रीत कामाला होता. दोन वर्षांपूर्वी त्याच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या. आता आठवड्यातून दोनदा डायलिसिस, पहाटेच्या बसनं बेळगावला यायचं आणि रात्री परत जायचं. वीस गुंठे भातजमीन विकून झाली. मुलगी पीयूसीच्या दुसऱ्या वर्षाला, म्हणजे बारावीला आहे. घरच्या प्रार्थनासभेत कुणीतरी त्यांना सांगितलं, “विश्वास कमी पडतोय म्हणून तोंड असं पडलेलं. प्रभूमध्ये सर्वदा आनंद करा, असं वचन आहे ना?” ताई विचारतात, “मी सभेत हसू आणून बसते आणि घरी येऊन चुलीपुढं रडते. मला आनंद होत नाही. माझा विश्वास खोटा आहे का?”

ताई, जय ख्रिस्त.

तुमचा विश्वास खोटा नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण माझं उत्तर लांबणार आहे आणि तुम्हाला मध्येच कशासाठी तरी उठावं लागेल.

चौतीस वर्षं मी पाळक म्हणून सेवा केली. आधी निपाणीकडं, मग तुमच्याच तालुक्यात, शेवटी बेळगावात. या काळात हे वचन मीही किती जणांना ऐकवलं याची गणती नाही. दवाखान्यातल्या खाटेपाशी ऐकवलं, मातीच्या वेळी ऐकवलं. एकदा एका तरुण विधवेला, नवऱ्याला पुरून तिसऱ्या दिवशी, मी हेच सांगून आलो. तिनं मान हलवली आणि आत निघून गेली. पुढं वर्षभर ती उपासनेला आली नाही. आज मला कळतं की वचन खरं होतं, पण मी ते दगडासारखं फेकलं होतं. म्हणून तुम्हाला ज्यांनी सुनावलं त्यांच्यावर मी रागावत नाही. त्यांना ते पत्र नीट वाचून दाखवावंसं मात्र वाटतं.

आपण ते दोघं मिळून वाचू. प्रेषित पौलानं फिलिप्पै शहरातल्या मंडळीला लिहिलेलं फिलिप्पैकरांस पत्र, अध्याय चार, वचन चार. “प्रभूमध्ये सर्वदा आनंद करा, पुन्हा म्हणेन, आनंद करा.” मराठीत “करा” हे आपण एका माणसाला आदरानंही म्हणतो आणि चारचौघांनाही म्हणतो. त्यामुळं घरी एकट्यानं वाचताना वाटतं की पौल मलाच सांगतोय, बाई, तू आनंद कर, आणि तुला जमत नसेल तर तुझ्यात खोट आहे. पण मूळ ग्रीक भाषेत ते क्रियापद अनेकवचनी आहे. पत्र लिहिलंय फिलिप्पैमधल्या सगळ्या पवित्र जनांना, अध्यक्ष आणि सेवक यांच्यासकट. म्हणजे तो हुकूम एका थकलेल्या बाईच्या डोक्यावर ठेवलेला नाही. अख्ख्या मंडळीनं मिळून उचलायचं ते काम आहे.

आणि त्याच्या आधीची दोन वचनं काय सांगतात? युवदीया आणि सुंतुखे या दोन बायकांचं पटत नव्हतं. पौल दोघींना नाव घेऊन विनवतो आणि दुसऱ्या एकाला सांगतो, या बायांना मदत कर. त्या भांडणाला लागूनच “आनंद करा” येतं. आमच्याकडं ही वचनं घाईत वाचून पुढं जातात. मला तर वाटतं, त्या भांडणावाचून चौथं वचन समजतच नाही. ज्या मंडळीत दोघी एकमेकींकडं बघत नाहीत तिथं आनंद कुठून येणार, म्हणून पौल आधी तिथं हात घालतो.

पौल स्वतः तेव्हा कुठं होता? तुरुंगात, साखळदंडात. सुटका होईल की मरण येईल हे त्याला ठाऊक नव्हतं; पहिल्या अध्यायात तो दोन्हीची तयारी बोलून दाखवतो. हे आपण प्रवचनात नेहमी सांगतो, आणि ऐकणाऱ्याला वाटतं की पौल म्हणजे पोलादाचा माणूस. पण तिसऱ्या अध्यायात तो म्हणतो की हे मी रडत सांगतोय. दुसऱ्या अध्यायात एपफ्रदीत नावाच्या सोबत्याची गोष्ट आहे. फिलिप्पैच्या मंडळीनं पौलासाठी जे काही पाठवलं ते घेऊन हा माणूस आला आणि आजारी पडून मरणाला टेकला. तो वाचला तेव्हा पौल लिहितो, देवानं त्याच्यावर दया केली आणि माझ्यावरही, नाहीतर मला दुःखावर दुःख झालं असतं. दुःखावर दुःख! हे शब्द “आनंद करा” म्हणणाऱ्याच माणसाचे आहेत, त्याच पत्रातले. तुमचं रडणं पौलाला परकं वाटलं नसतं, ताई.

त्या काळी कैद्याच्या पोटापाण्याची सोय बहुतेक वेळा त्याच्याच माणसांना करावी लागे. चौथ्या अध्यायात पौल त्यांच्या देणगीबद्दल आभार मानतो आणि म्हणतो, तुम्ही पुन्हा माझी आठवण केलीत म्हणून मला फार आनंद झाला. म्हणजे त्याच्या कोठडीतला आनंद कुणाच्या तरी पायांनी चालत आला होता. लांबचा रस्ता तुडवत, वाटेत आजारी पडत आला होता. पुढच्याच वचनात तो म्हणतो की आहे त्या स्थितीत समाधानी राहायला मी शिकलो आहे. “शिकलो” म्हणतो तो. शिकायला वेळ लागतो, आणि शिकणाऱ्याला नापास म्हणत नाहीत.

आता माझं सांगतो.

2009 च्या जानेवारीत माझी बायको गेली. स्तनाचा कॅन्सर होता, दीड वर्ष चाललं. मी तेव्हा निपाणीजवळच्या एका मंडळीत होतो. दोन्ही मुलं शिकायला बाहेरगावी. अंत्यविधीनंतर आठ दिवस घर भरलेलं होतं. वचनं वाचली गेली, गीतं झाली, नंतर सगळे आपापल्या कामाला लागले. रविवारी मी वेदीपुढं उभा राहून आशीर्वाद द्यायचो आणि घरी येऊन कपडे न बदलता अंथरुणावर पडायचो. प्रार्थना करायला बसलो की शब्दच यायचे नाहीत. पाळकाला प्रार्थना येईना, हे सांगायचं कुणाला?

मंडळीत एक विडी कामगार मावशी होत्या. अक्षरओळख नव्हती. नवऱ्यानं टाकलेली बाई, दोन नाती सांभाळायची. दहाव्या की अकराव्या दिवशी दुपारी त्या सूप घेऊनच आल्या. “पास्टर, घरात लाईट नाही, हितं बसू का?” असं म्हणाल्या आणि पुढच्या खोलीत दाराजवळच्या उजेडात बसल्या. लाईट गेल्याचं ते निमित्त होतं, हे मला फार उशिरा कळलं.

त्यांचं काम मी तेव्हा पहिल्यांदा जवळून बघितलं. रात्रभर भिजवून मऊ केलेली तेंदूची पानं ओल्या फडक्यात गुंडाळलेली असायची. पत्र्याचा फर्मा पानावर ठेवायचा, कातरीनं भोवतीनं कापायचं. मग चिमूटभर तंबाखू, बोटांचा एक पीळ, वरचं तोंड नखानं आत मोडायचं, खाली दोऱ्याचे दोन वेढे. नजर सुपात नसायचीच, बोटं आपली चालायची. मजुरी हजार विड्यांवर. ठेकेदार वाईट म्हणून बाजूला काढायचा त्यांचे पैसे नाहीत. खोलीत तंबाखूचा उग्र वास भरायचा, मला शिंका यायच्या. मंडळीतल्या एकदोघांनी कुरकुरही केली की पाळकाच्या घरात विड्या वळतात. मी त्यांना उत्तर दिलं नाही. मला तेव्हा त्या वासाचाही आधार वाटत होता.

मावशी बोलायच्या नाहीत. “कसं वाटतंय?” नाही, “देवाची इच्छा” नाही. कधी ओच्यातून पावट्याच्या शेंगा काढून ठेवायच्या, कधी भाकरी आणि झुणका. विड्या वळता वळता तोंडातल्या तोंडात एखादं भजन चालायचं, त्यातलेही अर्धे शब्द गाळलेले. रोज दुपारी येऊन दिवस मावळायच्या आत जायच्या. असे जवळजवळ दोन महिने गेले.

मार्चमधली गोष्ट. त्यांची धाकटी नात तापानं फणफणली होती आणि मजुरीचा हजाराचा आकडा पुरा व्हायचा होता. मी समोर बसलो आणि म्हणालो, दोरा गुंडाळायचं माझ्याकडं द्या. माझे वेढे सैल पडायचे, त्या पुन्हा घट्ट करायच्या. तासभर गेला असेल. मावशींनी गाणं मध्येच थांबवून माझ्याकडं बघितलं, पण पुढची ओळ चालूच राहिली. ती मी म्हणत होतो. मला स्वतःला त्याचा पत्ता नव्हता.

ताई, मी त्याला आनंद म्हणतो. बायको परत आली नव्हती. त्या रात्रीही मी रडलोच. पण दोन महिने ते गाणं माझ्या वाटणीचं कुणीतरी म्हणत होतं. मला म्हणता येईना तेवढे दिवस ते बंद पडू दिलं नव्हतं. “आनंद करा” मधलं अनेकवचन मला ग्रीकच्या पुस्तकातून कळलं नाही. ते मावशींच्या सुपापाशी कळलं, पुस्तकात मी ते नंतर पडताळून पाहिलं.

म्हणून तुमच्या प्रार्थनासभेतल्या लोकांना माझं पहिलं सांगणं हे, की या ताईंना आनंदाचा हिशेब मागू नका. यांच्या वाटचा आनंद काही दिवस तुम्ही करा, आणि तो करायला हातपाय हलवा.

हातपाय म्हणजे काय, तेही लिहितो. जिल्हा रुग्णालयात बीपीएल कुटुंबांना मोफत डायलिसिस मिळावं म्हणून केंद्र सरकारची योजना 2016 पासून आहे. तुम्ही खाजगी ठिकाणी पैसे भरत असाल तर रेशनकार्ड, आधार आणि डॉक्टरांचे कागद घेऊन आधी तिथं चौकशी करा. फॉर्म कन्नडमधून असतात आणि आपल्या पिढीतल्या पुष्कळांना कन्नड वाचता येत नाही, म्हणून लोक खिडकीवरूनच परत फिरतात. हे मी किती वेळा बघितलंय! तुमच्या मंडळीत कन्नड शाळेत शिकलेली चार तरी पोरं असतील. त्यातल्या एकानं एक दिवस सुट्टी काढून तुमच्याबरोबर यावं. ते त्या दिवशीचं भजन समजा. दुसऱ्या कुणीतरी डायलिसिसच्या दिवशी मुलीच्या जेवणाचं बघावं. मशीनवर चार तास लागतात, त्यातले दोन तास नवऱ्यापाशी मंडळीतल्या कुणा भावानं बसावं आणि तुम्ही बाहेर झाडाखाली पाठ टेकावी. नवऱ्याला पाणी मोजून द्यायचं, भाजीतलं मीठ मोजायचं, पोटॅशियमसाठी फळं मोजायची, हे सगळं एकटीनं करणाऱ्या बाईला “आनंदी राहा” सांगण्याआधी तिच्या हातातलं एक तरी काम घ्यायला हवं.

दुसरी गोष्ट रडण्याची. तुम्ही चुलीपुढं रडता आणि सभेत हसता. मला हे उलटं व्हायला हवंय. म्हणजे सभेतही रडता यायला हवं. स्तोत्रसंहितेतली 150 स्तोत्रं बघा, सुमारे एक तृतीयांश विलापाची आहेत. ती एकांतात कुढण्यासाठी लिहिलेली नाहीत, त्यातली कितीतरी मंदिरात, लोकांत, वाद्यांवर गायली जात होती. 88 वं स्तोत्र तर अंधारातच संपतं, शेवटी उजेडाची एक ओळही नाही, तरी ते पवित्र शास्त्रात आहे. मेलेल्या लाजराच्या कबरेपाशी येशू रडला. थोड्याच वेळात आपण याला उठवणार आहोत हे त्याला माहीत होतं, तरी रडला. आंधळ्या माणसाला बघून शिष्यांनी विचारलं होतं, पाप कुणाचं, याचं की याच्या आईबापाचं? येशूनं सांगितलं, याचंही नाही आणि त्यांचंही नाही. किडनी निकामी होण्याला “विश्वास कमी” हे कारण देणारे लोक अजून तोच जुना प्रश्न विचारत बसलेत.

2019 च्या पुरानंतरची एक उपासना मला कायम आठवते. त्या ऑगस्टात बेळगावच्या बळ्ळारी नाल्याचं पाणी शहापूर-वडगावच्या शिवारात शिरलं आणि भात दिवसेंदिवस पाण्याखाली राहिलं. पुढं हंगामाच्या उपासनेला नेहमीसारखं लोकांनी आणलं, कुणी तांदूळ, कुणी भोपळा, कुणी कोंबडी, लिलावासाठी. एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं आणली पोचट लोंब्यांची एक पेंढी, काळी पडलेली, कुबट वास येणारी, आणि ती त्यानं वेदीपुढं ठेवली. एक वडील जन म्हणाले, “हे देवापुढं ठेवतात व्हय?” तो म्हणाला, “माझ्या रानात काय पिकलंय ते देवाला म्हाईत न्हाई व्हय?”

मी ठरवलेलं प्रवचन बाजूला ठेवलं आणि हबक्कूकचा तिसरा अध्याय वाचला, आधी मराठीत आणि मग कन्नडमध्ये. संदेष्टा तिथं एकेक तोटा मोजतो. अंजीर फुललं नाही, द्राक्षवेलीला फळ नाही, जैतून बुडालं, शेतात अन्न नाही, मेंढवाड्यात मेंढरू नाही, गोठ्यात गुरं नाहीत. सगळी यादी पुरी होते आणि मग तो “तरी” म्हणतो, तरी मी परमेश्वराच्या ठायी उल्लास करीन. आमचं काय होतं की आम्ही यादी मोजूच देत नाही, थेट “तरी”वर उडी मारायला लावतो. पण याच हबक्कूकचं पुस्तक सुरू होतं ते “कोठवर?” या तक्रारीनं. त्या दिवशी लिलावात ती पेंढीही पुकारली गेली. ती कुणी आणि कितीला घेतली हे मी लिहीत नाही, कारण घेणाऱ्यानं तसं सांगितलंय. पण म्हातारा परत जाताना ताठ चालत होता.

वेळ किती लागेल, हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण तो मनात असणार. पंडिता रमाबाईंचं बघा. त्या मूळच्या आपल्या कर्नाटकातल्याच, सह्याद्रीच्या रानात जन्मलेल्या. आईबाप उपासमारीत गेले, मग बहीण, भाऊ, आणि लग्नाला दोन वर्षं होतात न होतात तोवर नवरा. 1883 साली इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पण त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडायला आणखी सुमारे आठ वर्षं गेली. रमाबाईंना आठ वर्षं! त्या काळात त्यांच्या विश्वासाला खोटं म्हणायची कुणाची प्राज्ञा आहे?

एक गोष्ट मात्र थोडक्यात आणि स्पष्ट सांगतो. झोप उडाली असेल, अन्न जात नसेल, हे सगळं संपवून टाकावं असे विचार येत असतील, तर तो निव्वळ आत्मिक प्रश्न समजू नका. तो आजार असू शकतो आणि त्याला औषध आहे. मनाच्या त्रासासाठी टेली-मानसचा 14416 हा सरकारी नंबर चोवीस तास चालतो, फुकट आहे, मराठीतही बोलता येतं. आपल्याकडं “धारवाडला न्यायला पाहिजे” असं म्हणून लोक हसतात. हसू द्या. धारवाडच्या त्या मनोरुग्णांच्या दवाखान्यात मी स्वतः माणसांना घेऊन गेलोय आणि ती बरी होऊन उपासनेत माझ्या शेजारी बसली आहेत. नवऱ्याच्या किडनीसाठी मशीन देवाची देणगी असेल, तर मनासाठीची गोळीही त्याचीच देणगी आहे. आणि “आमच्या सभेला या, डायलिसिस बंद करा, प्रभू बरं करील” असं कुणी म्हणालं तर त्या माणसाचं कृपा करून ऐकू नका. प्रार्थना जरूर करा, रोज करा, पण एकही डायलिसिस चुकवू नका.

येत्या प्रार्थनासभेत तुम्ही एवढं करून बघा. 13 वं स्तोत्र काढा. लहान आहे, सहाच वचनं. “हे परमेश्वरा, कोठवर?” असं दावीद त्यात चार वेळा विचारतो. हसू आणायचं नाही, आवाज कापला तर कापू द्यायचा. पहिली चार वचनं तुम्ही मोठ्यानं वाचा आणि थांबा. शेवटच्या दोन वचनांत उल्लास आहे, गाणं आहे. ती तुम्ही वाचू नका. ती त्या खोलीत बसलेल्या बाकीच्या सगळ्यांनी मिळून वाचायची. त्यांना तसं आधी सांगून ठेवा, आणि मी सांगितलंय म्हणून सांगा.